पिवळी फळी विकू नका

राळेगाव, १४ नोव्हेंबर २०२४

सुचित्राताई,

जय भीम. माही पिवळी फळी विकू नका.

पहिले हेच लिहून टाकलं. तुमी पत्र अर्धं वाचता अन् बाकीचं चहासोबत वाचीन म्हणून ठेवून देता. दहा वर्षं तुमच्या किचनात काढली, तुमचे अर्धे वाचलेले कागद पिठाच्या डब्याखालून मीच काढत होती.

फोन करून पाह्यला. "क्लास चालू आहे सत्यशीला, नंतर बोलते," म्हणता अन् ठेवता. दुपारी बाराले कोण्या लाटा असतात तिकडं, मले नाही का मालूम? फोन कापता येते. कागद कापला तरी लिहिलेलं तिथंच राह्यते.

चिठ्ठी टपालानं नाही टाकली. आमच्या ह्यांनी पुण्याच्या गाडीवरल्या ड्रायवरजवळ देली, तो पुढं मालवणच्या गाडीवाल्याजवळ देईन. एसटीवाल्यांचं सगळं असंच हातोहात जाते. डबे, औषधं, लग्नपत्रिका. वाटेत कोणी वाचली तं वाचू द्या. मले लपवासारखं काही नाही.

त्या दिवशीचं सांगते. मी पडली नव्हती. पाठ जराशी धरली होती, म्हणून समुद्रात फळीवर उपडी पडून राह्यली, अन् तुमी माणसं पाठवून मले मेलेल्या मासोळीसारखी ओढून आणली. ते झालं. पण दुसऱ्या दिवशी सर्फिंग शिकाले आलेल्या पुण्याच्या पाहुण्यांसमोर तुमी मले निळी फोमाची फळी देली. लेकरं शिकतात ती. वर म्हणाल्या, "सत्यशीला, आता वयाकडे बघ. झेपत नसेल तर तू किचनच बघ."

पाहुणे हसले नाही. हसले असते तं मले बरं वाटलं असतं. त्यातल्या एकीनं मले विचारलं, मावशी, नाश्ता कधी मिळेल.

मंग दिवाळीत बदलीचा कागद आला. सोळा वर्षं आमचे हे मालवण डेपोत गाडी चालवत त्या कागदासाठी अर्जावर अर्ज करत होते. राळेगाव डेपो, राळेगाव डेपो. समुद्राच्या काठी राहूनही माणूस समुद्राकडं पाठ करून बसे. कागद आला तसं त्यायनं पेढे वाटले अन् मी भांडे बांधले. तुमचा निरोप घेतला नाही. घ्यायचा नव्हता.

इथं दिराचा कापूस घरात भरून आहे. भाव चढेल म्हणून थांबले. समोरच्या खोलीत खिडकीपर्यंत गंजी लागली. आमी मधल्या खोलीत निजतो, अंगाले खाज सुटते. बाकी ठीक आहे. पाठ बरी आहे.

अक्षर वाकडं आलं, कारण उभ्यानं लिहून राह्यली. बसाले वेळ नाही.

फळी विकू नका.

सत्यशीला


राळेगाव, ३ डिसेंबर २०२४

सुचित्राताई,

तुमची चिठ्ठी भेटली. गाडीवाल्यानं घरी आणून देली, सोबत कोकमाची बाटली. कोकम चांगलं आहे. चिठ्ठी चांगली नाही.

चेन्नईचा फळ्या बनवणारा माणूस जानेवारीत येणार, जुनी घेऊन नवी बनवून देणार, तं लांबी सांग, वजन सांग. सहा फुटी तुझ्यासाठी आता नाही सत्यशीला. नऊ फुटी घे, जाड घे, फेब्रुवारीत पंचेचाळीसच्या पुढच्या बायकांचा मेळा आहे तेव्हा ये. असं तुमी लिहिता. पंचेचाळीसच्या पुढच्या. जशी का सरकारी योजना.

नऊ फुटी मले मालूम आहे. तुमचे ते रिटायर कर्नल घेऊन येतात. पाण्यावर खाट टाकल्यावानी. बसले की बसले, वळाले सांगा तं तिकडून एसटी वळून यील. माही पिवळी पायाच्या अंगठ्यावर वळते. कोण्या पाहुण्यानं मोडून टाकली होती, तुमी फेकून राह्यल्या होत्या, मी उचलली. तिची चीर आपण दोघींनी बुजवली, राळेच्या वासानं तुमाले ओकारी आली होती. तिच्यावर मी पहिल्यांदा उभी राह्यली. अडतीस वर्षांची बाई, पायजामा गुडघ्यापर्यंत वर, उभी. तुमी काठावर बोंबलत होत्या, "राळेगाव! राळेगाव!" आता तीच चेन्नईवाल्याले देऊन टाक म्हणता.

हो, डॉक्टरकडं गेलती. यवतमाळले. फोटो काढला. चवथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी दबली म्हणते. पाठ बरी आहे, पण गादी दबली.

"काय करताना झालं?" डॉक्टर म्हणाला.

"लाटेवर उभी राह्यताना."

त्याचा पेन थांबला. "कुठल्या लाटेवर?"

"समुद्राच्या."

"बाई, तुम्ही राळेगावच्या ना?"

"हो. म्हणून काय झालं?"

त्यानं ह्यांच्याकडं पाह्यलं. हे भिंतीवरचा मणक्यांचा सांगाडा पाहून राह्यले होते. शेवटी त्यानं लिहिलं, घरात पाय घसरून पडल्या. मी म्हटलं, खोटं लिहू नका. ह्यांनी मले कोपर मारलं.

बाहेर आल्यावर मी भांडली. ह्यांची पाठ तं माह्या आधीची गेलेली, पट्टा बांधून गाडी चालवतात. मी म्हटलं, तुमाले डेपोत कोणी म्हणते का, धर्मपाल, आता स्टेअरिंग सोडा, चहाच बनवा? हे म्हणाले, "मले पगार भेटते. तुले समुद्र काय देते?"

त्याचाच राग आहे मले अजून.

काम करवत नाही अन् बिनकामाची राहवत नाही. सकाळी स्टँडवर जाते, यवतमाळची गाडी लागलेली पाहते, वापस येते. शेजारची बिजलीबाई ओट्यावरून विचारते, "कुठं गेलती वं?" मी म्हणते, कुठंच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आता ती विचारत नाही, नुसती मिसरी घासत पाहत राह्यते.

लांबी सांगणार नाही. वजनही नाही.

सत्यशीला


राळेगाव, २४ डिसेंबर २०२४

ताई,

हे आडवी पडून लिहून राह्यली. बिजलीबाईनं पोळपाट देला, तो पोटावर ठेवला, त्याच्यावर कागद.

तुमाले खरं सांगते, पाठ बरी नाही. तेव्हाही नव्हती. उभ्यानं लिहिलं कारण बसवत नव्हतं. डावा पाय बधिर होते. लाट सोडा, चप्पल पायात सरकवाले मले भिंत लागते. फोनवर तुमाले आवाजातून समजलं असतं. कागदावर नाही समजत म्हणून कागद धरला.

आता झालं काय ते ऐका अन् हसून घ्या, सगळं राळेगाव हसून झालं.

समोरच्या खोलीत कापसाची गंजी आहे हे लिहिलं होतं. सकाळी खिडकीतून ऊन येते तं तिचा उतार उभा राह्यते, अगदी फुटायच्या आधीची लाट. रोज पाहत होती. परवा सगळे शेतात गेलते. माळ्यावरची एक फळी काढली, पिवळीएवढीच लांब, रुंदीले जरा कमी. गंजीवर चढवली अन् उपडी झोपली. म्हटलं, हात मारून तं पाहू. उठून तं पाहू. पाण्यात बुडाले भेव आहे, कापसात काय भेव?

ताई, कापूस पाण्याहून वाईट. फळीचं तोंड आत घुसलं. छाती खाली गेली. नाकात कापूस जाऊ नये म्हणून मी मान वर उचलली, छाती वर उचलली, अन् तशीच हात मारत राह्यली. पाठीत तिथंच कळ आली. त्या दिवशी पाण्यात आली तिथंच, बोटभर इकडं नाही. मी हलली तं वरचा कापूस घसरला अन् माह्या अंगावर आला. कमरेपर्यंत गाडली गेली. ओरडली तं तोंडात सरकी.

बिजलीबाई धावत आली. दारात उभी राहून तिच्या बंजारा बोलीत आई गं करत म्हणते, "याडी ये! कापसात काय शोधून राह्यली वं? सोनं गाडलं का सासूनं?"

"हात दे."

"पहिले सांग तं."

"हात दे बाई, पाठ धरली!"

तिच्या एकटीनं निघेना. तेवढ्यात हे ड्युटीवरून आले. खाकी कपड्यावरच गंजीत शिरले, एकीकडून बिजलीबाई, एकीकडून हे. काढलं मले. मधल्या खोलीत सतरंजीवर निजवलं अन् माह्या केसातला कापूस वेचत बसले. बिजलीबाई गेल्यावर म्हणाले, "समुद्र कमी पडला का?"

मंग हे स्वतःची पाठ धरून उठले अन् दिराले सांगाले गेले की कापूस आमीच तुडवला, पुन्हा रचून देतो.

दिवसभर पडल्या पडल्या मी तेच तेच घोकत राह्यली. पाठ उभी राह्यताना गेलीच नाही, ताई. उभी राह्याच्या आधी गेली. पिवळी बारीक, ती माह्या वजनानं पाण्याखाली बसते. मंग पुढची लाट दिसाले मले साप फणा काढते तशी छाती वर धरून राहा लागते. अडतीसाव्या वर्षी फणा निघत होता. सत्तेचाळीसाव्या वर्षी नाही निघत. लाट तं घडीभराची. बाकी सगळा वेळ मी फणा काढूनच राह्यते.

तुमी हेच लिहिलं होतं का? लिहिलं असलं तं मी वाचलं नाही. वय वाचलं अन् डोकं फिरलं.

फळीचं आत्ता विचारू नका.

सत्यशीला


राळेगाव, ९ जानेवारी २०२५

ताई,

बसून लिहून राह्यली. खरंच बसून. मधामधात उठते.

गोठ्याचं जुनं कवाड पाह्यलं असन तुमी कधी? सागवानाचं, जाड. तुमी यवतमाळच्या वकिलांच्या घरातल्या, तुमच्याकडं गोठा नसन. आमचं कवाड बिजागरीतून निघून भिंतीले टेकून होतं. चार दिवस मी त्याच्याकडं पाहून राह्यली होती. डॉक्टरनं वाकू नको, उचलू नको म्हटलं आहे. मी उचलत नव्हती, नुसती पाहत होती.

संक्रांतीच्या तिळाचं विचाराले बिजलीबाई आली तं तिले म्हटलं, एका बाजूनं धरतं का? ती म्हणते, "मले पोरंबाळं हाय. तुह्या मरणात मी नाही पडत."

हे ऐकून आमचे हे उठले. आज सुट्टी होती. पट्टा आवळला. म्हणाले, "चाल, एकदाचं काय ते पाहून घे. नाही तं मी ड्युटीवर गेल्यावर पुन्हा एकटी घुसशील."

ह्यांनी अन् दिरानं कवाड गंजीवर ठेवलं. मी उपडी झोपली. ताई, बुडलं नाही. कापसावर तरंगून राह्यलं. हनुवटी टेकवली तरी मले समोरची खिडकी दिसत होती. फणा नाही, काही नाही. पाठ झोपलेली अन् हात मोकळे. मंग पहिले एक गुडघा घेतला, मंग पाय, मंग दुसरा. घाई नाही. पिवळीवर एका झटक्यात उडून उभं राहा लागते, नाही तं गेली लाट. इथं कवाड थांबून होतं माह्यासाठी. उभी राह्यली तं डोकं आढ्याले लागलं.

ह्यांनी खालून कवाड धरून जरासं हलवलं. "अशी असते का तुही लाट?"

"याच्याहून गार. अन् ती कोणाच्या हातात नसते."

"हं."

मी उतरली तं म्हणाले, मी पाहतो. खाकी प्यांट, बनियान, पट्टा सोडला अन् उपडे झोपले. सोळा वर्षांत जो माणूस घोट्याच्या वर समुद्रात गेला नाही तो! हात मारतील, काहीतरी गंमत करतील म्हणून मी अन् दीर उभे. ते हललेच नाही. जवळ जाऊन पाह्यलं तं झोप लागलेली. घोरत होते. दिरानं दार लोटून घेतलं.

उठल्यावर चहा घेताना म्हणाले, "बरं हाय ते. पाठ मोकळी होते."

मी तिथंच बोलली. मेळा फेब्रुवारीत आहे म्हटलं.

"किती दिवस?"

"आठ."

"खोटं नको बोलू. खरं सांग."

"महिना."

"अन् महिन्यानं?"

"महिन्यानं पाहू."

चहा खाली ठेवला. म्हणाले, "सोळा वर्षं मी घर घर केलं. आता घरी आलो तं तू समुद्र समुद्र करून राह्यली. आपलं दोघांचं एका गावात कधी जमन का?" अन् डेपोत निघून गेले. सुट्टीच्या दिवशी. हे तुमाले काहून सांगून राह्यली मले मालूम नाही. सांगाले दुसरं कोणी नाही म्हणून असन.

आता कामाचं. सोबत सुतळी बांधून देली. ती रुंदी आहे. माह्या खांद्याहून चार बोटं जास्त. कवाडाएवढी मागत नाही, तेवढं डोकं ठिकाणावर आहे. लांबी नऊ फूट. जाड. पोटाखाली भरीव पाह्यजे, मी निजली की पाण्याच्या वर राह्यली पाह्यजे, हे त्याले नीट समजावून सांगा. फोमाची नको. निळी तं नकोच नको. वजन बासष्ट किलो, डॉक्टरच्या काट्यावर केलं.

तुमी म्हणसान, एवढी जड फळी काठापर्यंत नेशील कशी, उचलतानाच पाठ जाईल. बगलेत धरून नेणारे तुमी लोक. मी डोक्यावर नेईन. लुगड्याची चुंबळ करून. चहाच्या आधी कवाड तसंच नेऊन पाह्यलं अंगणात, ह्यांनी अन् दिरानं डोक्यावर चढवून देलं. डोक्यावरचं ओझं सरळ पाठीतून खाली जाते, एका कडेले ओढत नाही. रस्त्यावरून जाणारे थांबून पाहत होते. पाहू द्या.

पिवळी चेन्नईवाल्याले देऊन टाका. देताना मले कळवू नका. तिचं पुढं काय केलं तेही कळवू नका.

अन् एक गोष्ट. मी किचनात यून नाही राह्यली. मेळ्यात उतराले यून राह्यली. नाव लिहा, सत्यशीला, राळेगाव. "मावशी" लिहू नका. हे पटत असन तं उत्तर पाठवा. पटत नसन तं सुतळी वापस पाठवा, मले समजून जाईन.

सत्यशीला


राळेगाव, ५ फेब्रुवारी २०२५

सुचित्राताई,

उत्तरही आलं नाही अन् सुतळीही आली नाही.

रोज स्टँडवर गेली. मालवणकडून आलेल्या प्रत्येक गाडीवाल्याले निरोप विचारला. ड्रायवर लोक आता मले पाहूनच मान हलवतात. एकानं सांगतलं, बाई दिसल्या होत्या काठावर, कोण्या मदराशी माणसासोबत भांडून राह्यल्या होत्या. फळीवरून भांडत होत्या का पैशावरून, हे त्याले समजलं नाही. तो काय समजणार, त्याची गाडी सुटत होती.

दिरानं कापूस विकला. ट्रक भरून गेला. समोरची खोली एकदम रिकामी, आवाज घुमते. त्या दिवशी मी तिथं जाऊन उभी राह्यली अन् मले राहवेना. अंगात मुंग्या आल्यावानी झालं. बिजलीबाई म्हणाली, "आता कुठं पोहशील वं?" मी म्हटलं, जिथं पाणी आहे तिथं.

मंग मी ह्यांना सांगतलं, की जाऊन राह्यली. विचारलं नाही, सांगतलं. तुमच्या उत्तराची वाट पाहून पाहून मले एक गोष्ट उमगली. मी तुमाले परवानगी मागून राह्यली होती. कायले? समुद्र तुमचा नाही. फळ्या तुमच्या आहेत, किचन तुमचं आहे. समुद्र नाही.

ह्यांनी डेपोत फोन लावला. मंग म्हणाले, "पुण्यापर्यंतच्या गाडीवर आपला माणूस हाय. पुढच्या बाजूची सीट ठेवतो, मागं धक्के बसतात. दर थांब्यावर उतरून उभी राह्य."

"अन् तुमी?"

"मी कायले? मी आत्ता तं आलो घरी." अन् वरून, "कंबर मोडून आली तं घरात घेणार नाही, सांगून ठेवतो."

"मोडली तं येईनच कायले?" मी म्हटलं.

हसले नाही. पण त्यायनं स्वतःच्या ड्रायवर सीटची गादी घरी आणली, झाडली, अन् माह्या पिशवीजवळ ठेवून देली. ह्या गादीवर ते कंडक्टरलेही बसू देत नाही. मी ती घेऊ की नको, यावरून आमचं सकाळपासून भांडण चालू आहे. ते बसतील कायच्यावर? बहुतेक मी हरणार.

ही चिठ्ठी आजच्या गाडीनं यून राह्यली, मी परवाच्या. म्हणजे तुमच्याजवळ दोन दिवस आहेत. फळी झाली असन तं काठावर काढून ठेवा. झाली नसन तं कर्नलची मागून ठेवा. तेही नाही जमलं तं निळी ठेवा. हो, निळी. पाहुणे हसले तं हसू द्या, ती माह्या वजनानं बुडत नाही एवढं मले बस आहे. पण मी पाण्यात उतरणार, हे पक्कं.

स्वयंपाकाले कोणी दुसरी ठेवली असन तं ठीक. नसन ठेवली तं तुमीच चुलीजवळ उभ्या राहा. मी पाण्यातून निघाली की मले लय भूक लागते, हे तुमाले कधी मालूमच पडलं नाही, कारण दहा वर्षं मी ओल्या कपड्यांनी आधी तुमाले वाढत होती. भाकरी नाही जमणार तुमाले. भात टाका. वरण घट्ट ठेवा अन् मीठ बेतानं.

सत्यशीला